खाडीत कालवं वाढवायची, तर परवानगी कोणाची?

ओहोटीला खडकावरची कालवं कोयतीने फोडणाऱ्या बायका कोकणात नव्या नाहीत. त्याच बायकांनी खाडीत बांबूचा सांगाडा उभारला, त्याला शिंपांच्या माळा टांगल्या आणि कालवं तिथेच वाढवायची ठरवली, तर? देवगड तालुक्यातल्या वाडातरमध्ये महिलांच्या गटांनी हे करून दाखवलं आहे. राज्य सरकारने २०१७ मध्ये कांदळवन संवर्धन आणि उपजीविका योजना आणली. तिच्यात खेकडा, कालव आणि शिणाणे पालन आहे आणि खर्चाचा मोठा वाटा सरकार उचलतं.

म्हणजे सरकारला ही शेती हवी आहे. पण उद्या एखाद्या गटाने योजनेबाहेर, स्वतःच्या पैशाने तराफा टाकायचा म्हटलं, तर सही कोणाची घ्यायची?

इंजिनीअरिंगला असल्यापासून काही समजून घ्यायचं तर मी आधी फ्लोचार्ट काढतो. याचाही काढायला बसलो. चौकटी वाढत गेल्या, बाणांचा मात्र गुंता झाला.

आधी जागा कोणाची?

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार भरतीच्या रेषेखालचा समुद्राचा आणि खाडीचा तळ राज्य सरकारच्या मालकीचा. त्यामुळे 'आमच्या वाडीसमोरची खाडी' हे बोलायला ठीक, सातबारावर ते नाही.

सीआरझेड काय म्हणतं?

१८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेनुसार कांदळवन सीआरझेड-१अ मध्ये येतं. ते १,००० चौरस मीटरपेक्षा मोठं असेल, तर भोवतीचा ५० मीटरचा पट्टाही त्यातच. भरती-ओहोटीमधली जागा १ब, तर खाडीचं पाणी ४ब. एकाच तराफ्याची दोरी एका वर्गात आणि खुंटा दुसऱ्या वर्गात असू शकतो.

सीआरझेड-४ मध्ये स्थानिकांच्या पारंपरिक मासेमारीला आणि तिच्याशी जोडलेल्या कामांना मुभा आहे. टांगलेल्या माळेवरची कालवं या 'जोडलेल्या कामां'त बसतात का? माझ्या मते बसायला हवीत. पण त्यावर पोट भरायचं असेल, तर ते कागदावर स्पष्ट लिहिलेलं हवं.

आणखी कोण?

किनारी मत्स्यपालन प्राधिकरणाचा कायदा २००५ चा. तो प्रामुख्याने कोळंबीच्या तळ्यांपुरता पाहिला जायचा. २०२३ च्या दुरुस्तीने व्याख्या रुंदावली आणि शिंपवर्गीय जीव, तराफे, पिंजरे त्यात आले. नियम मोडल्यास तुरुंगवासाची तरतूद होती, ती काढून दंड ठेवला. हे चांगलंच झालं. पण चौकटींत एक भर पडली. मत्स्यव्यवसाय विभाग, महसूल, सागरी मंडळ आणि कांदळवन असेल तर वन विभाग आधीपासून होतेच.

मग नियम काढून टाकायचे?

नाही. इथेच माझं मत अनेकांपेक्षा वेगळं आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कांदळवनं तोडण्याला ठाम मनाई केली, ती कारणाशिवाय नव्हे. शिवाय खाडी रिकामी नसते. कोणी तिथे जाळं टाकतं, कोणी होडी नेतं, कोणी ओहोटीला तिसऱ्या आणि खुबे वेचतं. एका गटाचा तराफा म्हणजे दुसऱ्याची वाट अडणं होऊ शकतं. आणि दार सरसकट उघडलं, तर पहिला अर्ज बचत गटाचाच येईल याची खात्री काय? बाहेरून पैसा घेऊन येणारा आधी पोहोचतो.

वॉशिंग्टनमधून काय शिकावं?

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात कालवांचा मोठा धंदा आहे. तिथे १९७१ चा किनारा व्यवस्थापन कायदा आहे. प्रत्येक काउंटी, म्हणजे साधारण आपला जिल्हा, स्वतःचा किनारा आराखडा बनवते आणि राज्य तो मंजूर करतं. 'गुईडक' या मोठ्या शिंपल्याच्या नव्या व्यावसायिक शेतीला अटींसह परवाना लागतो. त्याची जाहीर सूचना निघते, शेजारी हरकत घेऊ शकतात आणि निर्णय पटला नाही, तर अपिलासाठी वेगळं मंडळ आहे. कोणत्या पाण्यातली शिंपली खायला योग्य, हे राज्याचा आरोग्य विभाग ठरवतो.

तिथेही सगळं गोड नाही. केंद्राच्या लष्करी अभियंता विभागाने शिंपल्यांच्या शेतीसाठी सरसकट परवाना ठेवला होता. पर्यावरणावरचा परिणाम नीट तपासला नाही, म्हणून २०१९ मध्ये न्यायालयाने तो बेकायदा ठरवला. मग शेतकऱ्यांना पुन्हा वेगवेगळ्या अर्जांच्या रांगेत लागावं लागलं. सोपा परवाना हवाच, पण ढिला परवाना शेवटी शेतकऱ्यालाच बुडवतो.

आपल्याकडे काय करता येईल?

एक, खाडीचा नकाशा आधी करा. तराफ्यांची जागा, होड्यांची वाट आणि वेचणाऱ्यांचा पट्टा ग्रामपंचायत व मच्छीमार सोसायटीला सोबत बसवून आखा. मालवण आणि आचरा-रत्नागिरी हे पट्टे २०१९ च्या अधिसूचनेत अतिसंवेदनशील किनारी क्षेत्रं आहेत. त्यांचं व्यवस्थापन स्थानिकांना सोबत घेऊन करायचं, असं तीच अधिसूचना सांगते. सुरुवात तिथून करता येईल.

दोन, ठरावीक आकारापर्यंतच्या तराफ्याला एकच खिडकी ठेवा. जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात अर्ज द्यायचा, बाकी खात्यांकडे तो कार्यालयाने फिरवायचा आणि ठरलेल्या मुदतीत लेखी हो किंवा नाही कळवायचं. नाही असेल, तर कारणासह.

तीन, परवान्याआधी ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत सूचना लावा आणि पहिला हक्क त्याच खाडीवर जगणाऱ्यांना द्या.

चार, पाण्याची तपासणी नियमित करा. कालव पाणी गाळून खातं, त्यामुळे पाण्यातली घाणही त्याच्या पोटात जाते. आजाराची एक बातमी आली, की सगळ्या खाडीचा बाजार बसतो.

यातल्या पहिल्या तीन गोष्टींना नवा कायदाही लागणार नाही, असलेल्या खात्यांनी एका टेबलावर बसणं पुरेसं आहे. आज गट योजनेच्या आधाराने उभे आहेत. योजना कधीतरी संपेल, तेव्हा त्यांच्या हातात सरकारी शिक्क्याचा एक साधा कागद असायला हवा. तो नसेल, तर इतक्या कष्टाने वाढवलेली कालवं एका तक्रारीवर खाडीतून उचलावी लागतील.