एक दिवस वाऱ्यासाठी

डाल्मेशियाच्या नकाशावर पहिल्यांदा नजर पडली, की माणसाला हाव सुटते. स्प्लिटहून निघायचं, ब्राच, ह्वार, विस, कोर्चुला, म्ल्येत अशी बेटं घेत डुब्रोव्निक गाठायचं आणि आठवड्याच्या आत परतायचं, असा बेत पाच मिनिटांत ठरतो. क्रोएशियाच्या किनाऱ्याजवळ बेटं आणि खडक मिळून संख्या बाराशेच्या वर जाते. कायम वस्ती त्यातल्या पन्नासेक बेटांवरच आहे. नकाशात ती इतकी खेटून दिसतात, की एका बेटावरून दुसऱ्यावर उडी मारता येईल असं वाटावं.

हिशेब मांडला की हाव ओसरते. आठ जणांची शिडाची बोट बऱ्या वाऱ्यात तासाला पाच-सहा सागरी मैल कापते, आणि एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. स्प्लिट ते डुब्रोव्निक हे अंतर शंभर सागरी मैलांहून जास्त आहे. जाऊन-येऊन दोनशेच्या वर, म्हणजे चाळीसेक तास नुसता प्रवास. त्यात पोहणं नाही, गावात भटकणं नाही, दुपारची झोप तर नाहीच.

शिवाय भाड्याच्या बोटीचा आठवडा सात दिवसांचा नसतो. तिथला रिवाज शनिवार ते शनिवार असा. पहिल्या शनिवारी बोट ताब्यात मिळेपर्यंत संध्याकाळचे पाच वाजतात. मग लाइफ जॅकेटं मोजा, इंजिन समजून घ्या, शीड उघडून बघा, किराणा भरा. रात्र मरिनातच जाते. पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी बोट मूळ मरिनात परत हवी, तीही टाकी भरून. डिझेलच्या पंपावर त्या दिवशी सगळ्यांचीच रांग असते. शनिवारी सकाळी सामान घेऊन उतरायचं. हाती उरतात रविवार ते शुक्रवार हे सहा दिवस, आणि त्यातलाही एक मोकळा सोडावा लागतो. तो कशासाठी, हे वाऱ्याला विचारावं.

एड्रियाटिकच्या उन्हाळ्यातला भरवशाचा वारा म्हणजे मायेस्ट्राल. सकाळी पाणी निवांत असतं. दहा-अकराच्या सुमारास किनारा तापू लागला की वायव्येकडून वारा सुटतो, दुपारी दोन ते चारच्या दरम्यान भरात येतो आणि सूर्य मावळताना पडतो. कोकणातल्या माणसाला हे खाऱ्या वाऱ्याचं गणित नव्याने शिकवायला नको. या वाऱ्यावर आखणी करता येते: सकाळी पोहणं, दुपारी शीड, संध्याकाळी बंदर.

बाकीचे दोन वारे मात्र बेत मोडणारे. बुरा ईशान्येकडून, वेलेबित, मोसोर, बियोकोवो अशा डोंगरांवरून समुद्रावर कोसळतो. आभाळ निरभ्र असतानाही तो येतो, हीच त्याची खोड. हिवाळ्यात त्याच्या झोतांचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या वर नोंदला गेला आहे. उन्हाळ्यात तो क्वचित येतो आणि लवकर आटोपतो, तरी नवख्या खलाशांसाठी पुरेसा असतो. युगोची तऱ्हा वेगळी. तो आग्नेयेकडून, हळूहळू, लाटा वाढवत येतो आणि दोन-तीन दिवस मुक्काम ठोकतो. ढग, पाऊस, दमट हवा, चिडचिड. जुन्या डुब्रोव्निक प्रजासत्ताकात युगो वाहत असताना महत्त्वाचे निर्णय घेत नसत, असं तिथे आजही सांगितलं जातं. उन्हाळ्यात पश्चिमेकडून अचानक येणारं गडगडाटी वादळ, नेवेरा, तासा-दोन तासांत संपतं, पण तेवढ्यात चुकीच्या जागी टाकलेला नांगर सुटतो. क्रोएशियाची सरकारी हवामान संस्था समुद्रासाठी रोज अंदाज देते आणि किनाऱ्यावरची रेडिओ केंद्रं तो इंग्रजीतूनही वाचून दाखवतात. सकाळच्या चहाबरोबर तो ऐकायचा आणि आदल्या रात्री ठरवलेलं बदलायची तयारी ठेवायची. मोकळा दिवस याचसाठी. युगो आला तर तो दिवस बंदरात जातो. आला नाही, तर आवडलेल्या खाडीत आणखी एक मुक्काम.

एका बाबतीत एड्रियाटिक सोपा आहे. मुंबईच्या बंदरात उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या आसपास जातो. आपल्याकडे कुठल्याही तांडेलाचा दिवस पाण्याच्या वेळा बघून सुरू होतो. डाल्मेशियात हा फरक हातभरही नसतो. म्हणूनच तिथली घरं, खानावळी आणि धक्के थेट पाण्याच्या काठाला टेकलेले आहेत, आणि बोट मागच्या बाजूने धक्क्याला लावून फळीवरून सरळ गावात उतरता येतं. अडचण असते ती जागेची. जुलै-ऑगस्टमध्ये ह्वारसारख्या गावात संध्याकाळी पोहोचलेल्या बोटीला धक्का मिळणं कठीण. दुपारी तीन-चारपर्यंत पोहोचावं, किंवा मरिनात आधी जागा राखावी. काही लहान खाड्यांत खानावळवाले स्वतःचा धक्का किंवा बोयं देतात. अट एवढीच, की रात्रीचं जेवण त्यांच्याकडे घ्यायचं. तिथली पेका, म्हणजे घुमटासारख्या झाकणाखाली निखाऱ्यांत शिजवलेलं मांस किंवा ऑक्टोपस, काही तास आधी सांगितल्याशिवाय मिळत नाही. फोन सकाळीच करायचा.

मराठी प्रवाशासाठी या किनाऱ्याची एक सोय आहे. १ जून ते ३१ जुलै महाराष्ट्राच्या समुद्रात यांत्रिक मासेमारी बंद असते. पावसाळ्यात आपला समुद्र खवळलेला आणि होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या. नेमके तेच दिवस तिथल्या हंगामाचे. पण बोटीचं भाडं जुलै-ऑगस्टमध्ये शिगेला पोहोचतं आणि गर्दीही. मुलांच्या शाळेची सुट्टी मेमध्ये असते, आणि मेचा उत्तरार्ध तिथे स्वस्त, मोकळा, हिरवा. पाणी तेवढं गार, १८ अंशांच्या आसपास. ज्यांना शाळेचं बंधन नाही, त्यांनी सप्टेंबर धरावा. समुद्र उन्हाळाभर तापलेला असतो आणि गर्दी ओसरलेली. दिवाळीपर्यंत थांबू नये. ऑक्टोबर सरता सरता युगोचं येणं-जाणं वाढतं आणि लहान बेटांवरच्या खानावळी दारं लावून घेतात.

आता कागद. बोट चालवणाऱ्याकडे मान्य परवाना हवाच, आणि बोटीवर रेडिओचा परवाना असलेलं कुणीतरी हवं. क्रोएशियाचं सागरी मंत्रालय कुठल्या देशाचे कुठले परवाने चालतात याची यादी प्रसिद्ध करतं. ‘मला येतं’ हे उत्तर तिथे चालत नाही. गेटवेसमोरच्या पाण्यात होडी वल्हवत, शीड सांभाळत तयार झालेली माणसं आपल्याकडे आहेत. पण लहान होडी चालवणं आणि पंचेचाळीस फुटांची बोट भर दुपारी, आडव्या वाऱ्यात, दोन बोटींमधल्या फटीत उलटी घालणं यात फार अंतर आहे. पहिल्या वेळी स्किपर भाड्याने घ्यावा. त्याचं मानधन दिवसाच्या हिशेबाने, जेवण आपल्याकडे आणि झोपायला जागाही द्यायची. आठ जणांच्या बोटीत आठ पाहुणे कोंबणाऱ्यांना ही जागा मरिनात पोहोचल्यावर आठवते.

क्रोएशियाने १ जानेवारी २०२३ रोजी युरो स्वीकारला आणि त्याच दिवशी तो देश शेंगेन या सामायिक व्हिसाच्या क्षेत्रात आला. भारतीय पासपोर्टला शेंगेन व्हिसा लागतो, आणि त्यासाठी किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा. ‘जवळच आहे तर मॉन्टेनेग्रोत कोटोरची खाडीही बघू’ म्हणणाऱ्यांनी थांबावं. तो देश शेंगेनमध्ये नाही. बाहेर पडताना आणि परत येताना ठरलेल्या बंदरात हजेरी लावायची, आणि एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर परतीचं दार बंद.

सामानातही एक चाळणी लागते. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ बरोबर नेता येत नाहीत. साजूक तुपाची बरणी, पेढे, बर्फी, चितळ्यांची बाकरवडी सोडून खव्याचं जे काही असेल ते, सगळं घरी ठेवायचं. ताज्या भाज्या आणि फळांना कृषी खात्याचं प्रमाणपत्र लागतं. त्यातून सवलत मिळालेली फळं पाचच: अननस, केळी, खजूर, ड्युरियन आणि नारळ. म्हणजे कढीपत्त्याला मनाई, पण नारळाला वाट मोकळी. पोहे, मेतकूट, लसणाची चटणी, भाजणी यांनी न्याहारी भागते. टोमॅटो, वांगी, ऑलिव्ह तेल आणि मासळी तिथल्या बाजारात उत्तम मिळते. पाण्याची टाकी काहीशे लिटरची असते. आठ माणसांनी घरच्यासारख्या आंघोळी केल्या तर ती दोन दिवसांत कोरडी पडते. समुद्रात पोहून शेवटचा तांब्या गोड्या पाण्याचा, ही शिस्त पहिल्या संध्याकाळीच सांगून टाकावी. मोठी बॅग आणू नये हेही तेव्हाच, कारण कडक सुटकेस ठेवायला बोटीत जागा नसते.

आता या सगळ्यात बसणारा एक बेत. रविवारी फार लांब नाही, ब्राचवरच्या मिल्नापर्यंत. पोटाला आणि पायांना बोटीची सवय होऊ द्यायची. सोमवारी विस. युगोस्लाव्ह नौदलाचा तळ असल्याने हे बेट १९८९ पर्यंत परदेशी पाहुण्यांना बंद होतं. डोंगर पोखरून केलेला पाणबुड्यांचा बोगदा आजही समुद्रातून दिसतो. चाळीस वर्षं हॉटेलं उभी न राहिल्याने गावं गावांसारखीच राहिली. मंगळवारी बेटाला वळसा घालून कोमिझा. इथल्या कोळ्यांच्या फाल्कुशा नावाच्या होड्यांच्या बाजूच्या फळ्या काढता-घालता येत. पालाग्रुझा या दूरच्या बेटावरच्या मासेमारीच्या जागा ज्याने आधी गाठल्या त्याच्या, म्हणून त्यांच्यात शर्यत लागे. १५९३ सालच्या शर्यतीची लेखी नोंद आहे. अंतर चाळीसेक सागरी मैल, वारा नसेल तर वल्ह्यांवर.

बुधवारी समोरच्या बिशेवोवरची निळी गुहा. तिचं आजचं तोंड १८८४ मध्ये सुरुंग लावून मोठं केलं. आत जायचं ते लहान होडीतूनच, आणि निळा उजेड खरा रंगात येतो अकरा ते बाराच्या दरम्यान. समुद्र खवळला की गुहा बंद, म्हणून तिच्यावर आठवड्याचा डोलारा उभा करू नये. तिथून दुपारच्या वाऱ्यावर ह्वारसमोरच्या पाक्लेनी बेटांत नांगर. तो वाळूत टाकायचा. पाण्याखालचे गडद पट्टे म्हणजे पोसिडोनिया गवताची कुरणं, नांगराने उपटली की भरून यायला पिढ्या जातात. गुरुवार मोकळा. वारा शहाण्यासारखा वागला, तर ह्वारच्या उत्तरेला स्तारी ग्राद. पारोस बेटावरच्या ग्रीकांनी इ.स.पू. ३८४ मध्ये हे गाव वसवलं. त्यांनी दगडी बांधांनी पाडलेले शेतांचे तुकडे आजही द्राक्षं आणि ऑलिव्हसाठी वापरात आहेत, आणि २००८ पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहेत. शुक्रवारी स्प्लिट. एकूण शंभर सागरी मैलांच्या आत-बाहेर.

यात डुब्रोव्निक नाही, याची हळहळ वाटेल. ते शहर बसने, स्वतंत्र दोन दिवस काढून बघावं. गोवेकरांना तिथे एक ओळखीची खूणही सापडेल. डुब्रोव्निकचा रक्षक संत ब्लेझ. जुन्या गोव्याजवळच्या गांवडाळीत साओ ब्राझ या त्याच संताचं चर्च आहे आणि तिथे त्या शहराच्या व्यापाऱ्यांची वसाहत होती असं मानलं जातं. मांडवीतल्या दिवाडी बेटावर, त्याच परिसरात, रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात ‘म्हादेई’ ही शिडाची बोट बांधली गेली. ऑगस्ट २००९ मध्ये कमांडर दिलीप दोंदे तिच्यातून मुंबईहून निघाले आणि मे २०१० मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले, एकट्याने ती करणारे पहिले भारतीय म्हणून. नऊ महिन्यांच्या त्या सफरीची तयारी २००६ पासून चालली होती.

एका आठवड्याला एवढी तयारी लागत नाही, सहा महिने पुरतात. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. मेमध्ये जायचं असेल, तर नोव्हेंबरात बसा. आधी कोण कोण येणार ते पक्कं करा, मग स्किपरचा परवाना सागरी मंत्रालयाच्या यादीत आहे का ते बघा आणि मगच बोटीची अनामत भरा. बेटांची यादी सगळ्यात शेवटी करा, आणि करून झाली की तिच्यातलं एक नाव खोडा.