स्टीलहेड की रेनबो ट्राउट? नावे दोन, मासा एक

मथळा वाचून काहींना हसू येईल. कापडवाल्याने कापडाचे बोलावे, मासळीबाजारात कशाला तोंड घालावे? पण गेल्या वर्षी अमेरिकेत सिएटलजवळ भाच्याकडे महिनाभर राहून आलो. तिथल्या एका दुकानात जे पाहिले ते तीस वर्षांच्या धंद्यात रोज पाहत आलो आहे. फक्त तागे नव्हते, मासे होते.

बर्फावर दोन ताटे शेजारी शेजारी मांडलेली. एकावर पाटी ‘स्टीलहेड’, दुसऱ्यावर ‘रेनबो ट्राउट’. स्टीलहेडचा भाव जवळजवळ दीडपट. दोन्हींचे मांस नारंगी, कातडी चंदेरी, अंगावर काळे ठिपके. मी भाच्याला फरक विचारला. तो म्हणाला, “मामू, दोन्ही एकच मासा आहे.” मग भाव दोन कसे? याचे उत्तर त्याला देता आले नाही. काउंटरवरच्या माणसालाही नाही. तो एवढेच म्हणाला की गिऱ्हाईक स्टीलहेड नाव सांगून मागते.

तेव्हापासून या गोष्टीचा पिच्छा पुरवला. वाचले, विचारले, मासे पकडणाऱ्यांशी बोललो. हकीकत अशी आहे.

स्टीलहेड आणि रेनबो ट्राउट ही खरोखरच एक जात. फरक राहणीचा. जो गोड्या पाण्यात जन्मून तिथेच आयुष्य काढतो तो रेनबो. जो लहानपणी नदीतून समुद्रात उतरतो, एक-दोन-तीन वर्षे खाऱ्या पाण्यात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा नदीत चढतो तो स्टीलहेड. आपल्याकडे हिलसा समुद्रातून नदीत चढतो, तसाच प्रकार समजा. समुद्रात अंग रुपेरी होते आणि डोक्यावर पोलादासारखी निळसर झाक येते, त्यावरून हे नाव. विद्वानांचीही यात फसगत झाली. १७९२ मध्ये वालबाउम नावाच्या जर्मन माणसाने रशियातील कामचाटकाच्या माशावरून एक शास्त्रीय नाव दिले. १८३६ मध्ये रिचर्डसनने कोलंबिया नदीतल्या माशाला वेगळी जात समजून दुसरे दिले. कॅलिफोर्नियातल्या ओढ्यातल्या माशाला १८५५ मध्ये तिसरे मिळाले. हे सगळे एकच, असे अमेरिकेतल्या मत्स्यशास्त्रज्ञांनी मान्य करून १९८९ मध्ये नाव पक्के केले. आणि गंमत पाहा, नदीतच राहणाऱ्या रेनबो जोडप्याचे पिल्लू समुद्राची वाट धरू शकते आणि स्टीलहेडचे पिल्लू घरीच बसू शकते.

मग पारख कशी करायची? रंगाने म्हणाल तर मोठ्या तलावात वाढलेला रेनबोही चांदीसारखा चमकतो, आणि स्टीलहेड नदीत काही आठवडे राहिला की त्याच्या अंगावर गुलाबी-लाल पट्टा उमटतो. आकाराने म्हणाल तर गळाने पकडलेल्या रेनबोचा जागतिक विक्रम ४८ पौंडांचा आहे. तो २००९ मध्ये कॅनडातल्या डीफेनबेकर तलावात मिळाला. या तलावातला मासा समुद्रातून आलेला नसतो. तो मासा बहुधा तिथल्या मत्स्यशेतीच्या जाळीतून निसटलेल्या, वांझ केलेल्या वाणाचा होता. म्हणजे सगळ्यात मोठा तो समुद्राचा, हा हिशोबही चुकला.

सरकारने गज हातात घेतला आहे, तो तर आणखी मजेदार. वॉशिंग्टन राज्यात समुद्राशी जोडलेल्या नदीतला वीस इंचांहून लांब रेनबो कायद्याने स्टीलहेड. कॅलिफोर्नियात सोळा इंचांनाच तो मान मिळतो. अठरा इंचांच्या माशाने काय करावे? राज्याची हद्द बदलली की नाव बदलते.

पण इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. नदीतला रेनबो आणि समुद्रातला स्टीलहेड हे सख्खे भाऊ आहेत, त्यांच्यात फरक सापडला नाही तरी कोणाचे बिघडत नाही. खरा प्रश्न तिसऱ्याचा आहे. तो म्हणजे हौदात पैदा केलेला पाळीव वाण. दुकानातल्या ताटात बहुतेक तोच असतो.

हा वाण आजचा नाही. १८७९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मॅक्लाउड नदीवर सरकारने ट्राउटच्या अंड्यांचे केंद्र काढले. तिथून आणि आसपासच्या पाण्यातून गोळा केलेली अंडी रेल्वेने आणि बोटीने दूरदूर गेली. त्या अंड्यांत नदीतल्या माशांची किती आणि समुद्रातून आलेल्यांची किती, यावर जाणकार अजून वाद घालतात, कारण त्या वेळी कोणी वेगळी ठेवलीच नाहीत. पुढे पिढ्यानपिढ्या निवड होत गेली. लवकर वाढणारा ठेवा, गर्दीत शांत राहणारा ठेवा, लवकर अंडी देणारा ठेवा. रानातला स्टीलहेड वसंतात अंडी घालतो. पाळीव वाणांपैकी कित्येक शरद ऋतूतच घालू लागले, कारण माणसाला तसे सोयीचे होते. आज जगभर मत्स्यशेतीत जो रेनबो आहे तो या खटपटीचे फळ. आपल्या काश्मीरमध्ये कोकरनागला रेनबो वाढवतात. त्याचे मूळही परदेशातून आणलेल्या बीजात आहे.

पाळीव वाण वाईट असे मी म्हणत नाही. यंत्रमागाचे कापड वाईट असते का? आपली अर्धी दुनिया त्यावर जगते. पण यंत्रमागाच्या साडीवर ‘हातमाग’ असा शिक्का मारला की भांडण सुरू होते.

मासे ओळखणाऱ्यांच्या खुणा ऐकल्या तेव्हा मला आपल्याच पेढीवर बसल्यासारखे वाटले. आपण भिंग लावून इंचात किती ताना, किती बाना ते मोजतो. ते माशाचा खवला काढून भिंगाखाली धरतात. खवल्यावर झाडाच्या खोडासारखी वर्तुळे असतात. चारा भरपूर असेल तेव्हा ती लांब लांब पडतात, थंडीत उपासमार झाली की दाट होतात. नदीत वाढलेल्या माशाच्या खवल्याचा मधला भाग दाट, त्यात हिवाळ्याच्या पट्ट्या; समुद्रात गेल्यावर एकदम रुंद वर्तुळे. हौदातल्या माशाला बारा महिने वेळेवर दाणा मिळतो, म्हणून त्याची सुरुवातीची वर्तुळे सारख्या अंतराची, गिरणीच्या सुतासारखी. दुसरी खूण परांची. सिमेंटच्या हौदात घासून आणि एकमेकांचे चावे खाऊन पाठीवरच्या पराचे काटे वाकडे होतात, कडा झिजतात. रानातल्या माशाचा पर पंख्यासारखा सरळ उघडतो.

मांसाच्या रंगावर मात्र जाऊ नका. रानात तो रंग झिंग्यासारखे जीव खाऊन येतो, शेतीत तो खुराकात मिसळलेल्या अस्टाझँथिन नावाच्या द्रव्याने आणतात. त्यासाठी चक्क शेडकार्ड आहे! सालमोफॅन नावाची पंख्यासारखी उघडणारी रंगपट्टी, २० पासून ३४ नंबरापर्यंत. कोणत्या बाजाराला कोणता नंबर हवा ते ठरवून खुराक देतात. आपले रंगारी यापेक्षा वेगळे काय करतात?

पण या सगळ्या खुणा पकडणाऱ्याच्या हातात. ताटातल्या तुकड्याला ना पर, ना पुरते खवले. म्हणून तिथल्या लोकांनी मुळाशीच खूण करण्याची पद्धत काढली, ती मला फार आवडली. या जातीच्या माशाला पाठीवर, शेपटीच्या जरा अलीकडे, एक छोटा मांसल पर असतो. त्याला ते चरबीचा पर म्हणतात. हॅचरीत वाढवलेल्या पिल्लांचा हा पर नदीत सोडण्याआधी कापतात. तो पुन्हा येत नाही. गळ टाकणाऱ्याने मासा वर काढला की आधी तिथे बघायचे. पर कापलेला असेल तर हॅचरीचा, नियमात बसेल तर घरी न्या. शाबूत असेल तर तो रानातला समजून बहुतेक नद्यांवर पाण्यात परत सोडावा लागतो. शिक्का माल बनवणाऱ्याने, माल गोदामाबाहेर पडण्याआधी मारायचा. आपल्याकडे रेशमाला सिल्क मार्क २००४ मध्ये आला, त्यामागचा विचार हाच.

हा बंदोबस्त पुरेसा का पडत नाही, हे मिनेसोटा राज्याने पाहिले. तिथे सुपीरियर नावाचा समुद्राएवढा गोड्या पाण्याचा तलाव आहे. त्यात स्टीलहेड मुळात नव्हता. १८९५ च्या सुमारास पॅसिफिककडून आणून सोडला. तलावालाच त्याने समुद्र मानले, किनाऱ्याच्या नद्यांत चढू लागला, शंभर वर्षे त्या थंडीत जगून-मरून तिथलाच झाला. पुढे त्याची संख्या घटली. किनाऱ्यावरून गळ टाकणाऱ्यांना काहीतरी हाती लागावे म्हणून १९७० च्या दशकात कॅमलूप्स नावाचा पाळीव रेनबो सोडायला सुरुवात झाली. तो सहज गळाला लागे, घरी नेता येई, म्हणून लोक खूश. प्रत्येकाचा पर कापलेला. १९९७ पासून नियमही साफ होता. पर कापलेला तो न्या, शाबूत तो सोडा. वरवर पाहता यात खोट काढायला जागा नाही.

खोट अशी निघाली की कापलेला पर वारशाने जात नाही. कॅमलूप्स नदीत चढला, त्याने स्टीलहेडशी जोडी केली, तर पिल्लू पूर्ण पराचे जन्मते. ते दिसायला स्टीलहेड, नियमाने स्टीलहेड, आतून अर्धे हौदाचे. सूरत एक, सीरत दुसरी. २००४ मध्ये तिथल्या संशोधकांनी दाखवले की कॅमलूप्सची पिल्ले त्या नद्यांत स्टीलहेडच्या पिल्लांपेक्षा फारच कमी जगतात आणि मिश्र पिल्ले दोघांच्या मध्ये पडतात. ओरेगॉनमधल्या हूड नदीवरच्या स्टीलहेडचा हिशोब २००७ मध्ये आला, तो ऐकून मी दचकलो. मासा हौदात वाढवलेल्या प्रत्येक पिढीमागे रानात संतती वाढवण्याची ताकद सुमारे ४० टक्क्यांनी उतरते. धंद्यात दर वर्षी भांडवल असे उतरले तर तिसऱ्या दिवाळीला दुकानाला कुलूप.

मिनेसोटाच्या खात्याने पुढे गळवाल्यांकडूनच खवले गोळा करून वंशाची तपासणी केली. मिश्रण सापडले. २०१७ मध्ये कॅमलूप्स सोडणे बंद करण्याचा निर्णय झाला. किनाऱ्यावरचे अनेक गळवाले नाराज झाले, आणि त्यांची नाराजी मी समजू शकतो. म्हाताऱ्या माणसाला थंडीत किनाऱ्यावर उभे राहून मिळणारा तो एकच मासा होता. तरीही माझ्या मते निर्णय बरोबर होता, आणि उशिरा झाला. मिसळलेला गठ्ठा पुन्हा निवडता येत नाही. सुतात पॉलिस्टर एकदा कातले गेले की ते वेगळे काढणारा कारागीर मी अजून पाहिला नाही. आयडाहोकडे २००८ पासून हॅचरीच्या स्टीलहेड नर-मादीचा बारीक तुकडा घेऊन त्यांच्या वंशाची नोंद ठेवतात. पुढे कुठेही मासा सापडला तर आईबाप वहीत शोधता येतात. खर्चाचे काम आहे, पण वही असलेली बरी.

आता ताटाकडे येतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या यादीत या जातीला रेनबो आणि स्टीलहेड ही दोन्ही बाजारनावे चालतात. म्हणजे दुकानदाराने कायदा मोडला नव्हता. शिवाय २००५ पासून मोठ्या दुकानांना मासा शेतीतला की रानातला आणि कोणत्या देशाचा, हे लिहावे लागते. मी चष्मा लावून पाहिले. दोन्ही पाट्यांवर खाली बारीक अक्षरांत ‘शेतीत वाढवलेला’ लिहिले होते. वर मोठ्या अक्षरांत ते नाव, जे समुद्र पाहून आलेल्या माशाचे आहे.

विक्रेते म्हणतील, जात तीच, चव तीच, फसवणूक कुठे आहे? काही मत्स्यशेतीवाले खरोखर मासा समुद्रातल्या जाळ्यांत वाढवतात, त्यांचे म्हणणे थोडे तरी ऐकता येईल. बाकीच्यांना माझा सवाल आहे. फरक नाही तर भाव दीडपट कशाचा? नावाचाच ना? मग ते नाव ज्याने कमावले त्याचे काय? दक्षिण कॅलिफोर्नियाचा स्टीलहेड १९९७ पासून संकटग्रस्तांच्या यादीत आहे. २००६ च्या सरकारी निर्णयात यादीत फक्त समुद्रात जाणारा ठेवला, त्याच नद्यांत राहणारा रेनबो बाहेर. कायद्याला तिथे दोघांत फरक दिसतो आणि मासळीच्या पाटीवर दिसत नाही, हे मला पटत नाही. गिऱ्हाईक बर्फाचे डोंगर पाहते, स्टीलहेड म्हणून स्वस्तात भरलेले ताट पाहते आणि म्हणते, चला, मासा तर भरपूर आहे.

यात मी कोणाला शहाणपण शिकवतो असे नाही. धंद्यात नवा होतो तेव्हा एका व्यापाऱ्याच्या शब्दावर रेशमाच्या साड्यांची गठडी उचलली होती. एका गिऱ्हाईक बाईने माझ्यासमोर पदराचा धागा काढून काडी लावली. केसासारखा वास यायला हवा होता, कागदासारखा आला. आर्ट सिल्क. माझ्या बिलावर ‘शुद्ध’ माझ्याच हाताने लिहिलेले. साड्या परत घेतल्या, पैसे दिले. वर्षभर त्या बाईच्या मोहल्ल्यातून जाताना मान खाली असायची.

त्या दुकानात भाच्याने विचारले, “मामू, कोणता घेऊ?” मी रेनबोच्या पाटीकडे बोट दाखवले. भाचेसुनेने हळद-मिरची लावून तळला, छान झाला. दुसऱ्या आठवड्यात ती एकटीच दुकानात गेली आणि काउंटरवर विचारून आली की हा स्टीलहेड कोणत्या समुद्रातला. त्या माणसाने आत जाऊन खोक्यावरचे लेबल वाचले आणि एका तलावाचे नाव सांगितले.