चहाचे पैसे कोण देतो?



निवडणूक आली की उमेदवार पूर्वी आधी बांधावर यायचा. आता तो आधी वर्तमानपत्राची आणि वाहिनीची पायरी चढतो. बांधावर कापसाचा भाव विचारला जातो, तिथे बहुधा कोणी विचारत नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये भाजपचे तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष चंद्रशेखर बावनकुळे यांनी अहमदनगरला कार्यकर्त्यांना सांगितले, पत्रकारांना चहाला बोलवा, ढाब्यावर न्या, २०२४ पर्यंत विरोधात बातमी येऊ देऊ नका. बोभाटा झाल्यावर, पत्रकारांचा मान राखा एवढेच म्हणायचे होते, असा खुलासा आला.

हा रोग एकाच पक्षाचा नाही. २००९ मध्ये काँग्रेसचे मुख्यमंत्री असलेले अशोक चव्हाण नांदेड जिल्ह्यातील भोकरमधून उभे होते. ‘अशोकपर्व’ या नावाने पानेच्या पाने कौतुक छापून आले. एकच लेख तीन दैनिकांत शब्दशः सारखा निघाला, हे पत्रकार पी. साईनाथ यांनी उघडकीस आणले. निवडणूक खर्चात वर्तमानपत्रांच्या जाहिराती दाखवल्या ५,३७९ रुपयांच्या! निवडणूक आयोगाने २०१४ मध्ये हिशोबावर ठपका ठेवला, त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा आदेश रद्द केला. कोर्टातला निकाल लागला. पण बातमी कोणती आणि जाहिरात कोणती, हे भोकरच्या कापूस-ज्वारीवाल्याने ओळखायचे कसे?

आम्ही हे पनवेलला बसून लिहीत आहोत. याच रायगड जिल्ह्यात चरीच्या कुळांचा संप चालू असताना, १९३७ साली, नारायण नागू पाटलांनी ‘कृषीवल’ काढले. पुढे ते शेतकरी कामगार पक्षाचे पत्र म्हणून ओळखले गेले. ते कोणाच्या बाजूचे, हे वाचणाऱ्याला ठाऊक असे. बाजू घेणे हा गुन्हा नव्हे. आमचे हे पत्रकही शेतकऱ्याच्याच बाजूचे आहे. पण एकाची सुपारी घ्यायची आणि निःपक्ष म्हणून मिरवायचे, ही बोगस बियाण्याच्या पिशवीवर चांगल्या वाणाचे नाव छापण्यासारखी फसवणूक आहे.

पिशवी आपण फोडून पाहतो, मूठभर बी उगवून पाहतो. विश्लेषकालाही तसेच पारखा. ऑगस्ट २०२५ मध्ये, कापूस घरात येण्याच्या तोंडावर, केंद्र सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले. त्या आठवड्यात तुमच्या आवडत्या वाहिनीवरचा विद्वान काय बोलला? काहीच बोलला नसेल, तर त्याच्या चहाचे पैसे कोण देतो, हे पुढच्या बैठकीत एकमेकांना विचारा. आणि उमेदवार दारात आला, की त्याला आधी हिशोब विचारा, हार नंतर.