घड्या पुसू नका

वर्धा जिल्ह्यातील जुन्या कागदपत्रांवरील या मालिकेत आजवर कागदांत काय लिहिले आहे, ते सांगत आलो. आज थोडे भांडायचे आहे. इतिहासप्रेमी तरुणांत एक सवय रुजली आहे. घरातले किंवा संग्रहातले जुने पत्र स्कॅन करायचे, फोटोशॉपमध्ये नेऊन त्यावरील घड्यांच्या रेघा आणि डाग पुसायचे, आणि तो कोरा करकरीत झालेला कागद ‘अस्सल पत्र’ म्हणून सर्वत्र पाठवायचा. कौतुकही भरपूर होते. माझ्या मते ही पुराव्याशी केलेली ढवळाढवळ आहे. हेतू चांगला असला म्हणून तिचे स्वरूप बदलत नाही.

हे हत्यार नेमके काय करते, ते आधी पाहू. हीलिंग ब्रश किंवा २०१० मध्ये फोटोशॉपमध्ये आलेले कंटेंट-अवेअर फिल घडीखालचे अक्षर शोधून काढत नाही. त्याला अक्षर ठाऊकच नसते. ते शेजारचे पिक्सेल पाहते, त्यांचा रंग व पोत जुळवते आणि रेघेच्या जागी नवा कागद रंगवते. जिथे मूळ कागद ‘येथे वाचता येत नाही’ असे प्रामाणिकपणे सांगत होता, तिथे आता ‘येथे काही नव्हतेच’ असे दिसू लागते.

मोडीत हा धोका अधिक. आधी ओळभर शिरोरेघ ओढायची आणि मग शब्दांत अंतर न सोडता, शक्य तितके हात न उचलता अक्षरे लिहीत जायची, ही त्या लिपीची रीत. आडवी घडी नेमकी शिरोरेघेला समांतर पडते आणि ब्रशाला दोन्ही सारख्याच. उभी घडी काना घेऊन जाते, आकड्याची शेपटी घेऊन जाते. वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपुरापासून वेगळा झाला आणि मालगुजारी १९५१ मध्ये संपली. या मधल्या काळातील पावत्या, पट्टे, वाटणीपत्रे आजही अनेक घरांतील ट्रंकांत आहेत. त्यांत रक्कम आणि शेताची हद्द यांपलीकडे फारसे काही नसते. तिथे एक आकडा गेला की काय उरले?

पण अक्षर अजिबात न दुखावता घडी पुसली, तर? तरीही माझा आक्षेप कायम आहे, कारण घडी स्वतःच साक्ष देते.

सेवाग्रामचे उदाहरण घ्या. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी सेगावात राहायला आले. त्यांचे टपाल बुलढाण्याच्या शेगावकडे भरकटू लागले, म्हणून १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम झाले. आलेली पाकिटे उलगडून त्यांच्या कोऱ्या बाजूवर लिहिण्याची गांधीजींची सवय सर्वश्रुत आहे. अशा चिठ्ठीवर दोन वेगळ्या वेळांच्या घड्या असू शकतात. काही पाकीट तयार होताना पडलेल्या, काही चिठ्ठी दुमडून दिल्यावर पडलेल्या. आधीच पडलेल्या घडीवरून टाक गेला, की तुटलेल्या तंतूंत शाई फुटते. लिहून झाल्यावर घडी पडली, तर शाईची रेघ त्या जागी झिजते, तुटते. चांगल्या स्कॅनमध्ये हा फरक पुष्कळदा डोळ्यांनी दिसतो. घडी पुसली की आधी काय आणि नंतर काय, हेही पुसले जाते. शिवाय पाकिटाच्या घड्या गेलेली ती चिठ्ठी पाहून वाटते, की गांधीजींनी दुकानातून नवा ताव आणला असावा. त्या कागदावरची सर्वांत गांधीवादी गोष्ट आपण सुशोभीकरणाच्या नादात खोडली!

मगनवाडीच्या हातकागदाचेही तेच. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने तिथे हातकागदाचे काम चालवले. अशा कागदातले जाड तंतू सॉफ्टवेअरला ओरखड्यांसारखे दिसतात. ते ‘स्वच्छ’ केले की हातकागद गिरणीच्या कागदासारखा गुळगुळीत होतो.

जुन्या दप्तरांत पत्रे घडी घालून, रुमालात बांधून ठेवीत. बाहेर राहिलेली घडी अधिक काळवंडते, आणि ती पाहून कागद कसा ठेवला होता ते कळते. दुमडलेल्या कागदावर समोरच्या बाजूची शाई कधी कधी उलटी उमटते. हौशी संपादक तिला डाग समजून पुसतो. वास्तविक मूळ अक्षर फाटून गेले असेल, तर ते उलट्या ठशावरून वाचता येते. युरोपात तर पत्र दुमडण्याच्या पद्धती हाच अभ्यासविषय झाला आहे. १६९७ मधले एक बंद पत्र २०२१ मध्ये संशोधकांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने न उघडता वाचले. कागदाची घडी न घडी संगणकावर उलगडली, म्हणूनच ते जमले.

सर्वांत मोठी भीती मात्र पुढची आहे. बिनघडीच्या कागदांची नजरेला सवय झाली, की बनावट पत्र ओळखायचे कसे? संगणकावर काल तयार केलेले ‘महाराजांचे पत्र’ आणि पुसून चकचकीत केलेले खरे पत्र पडद्यावर अगदी सारखे दिसतात. मजकूर संपल्यावर मागाहून कोणी काही वाढवू नये, म्हणून शिवकालात आणि पेशवाईत पत्राच्या शेवटी मोर्तब उमटवीत. त्या कारकुनांना जी काळजी होती, ती आपल्याला नसावी?

यावर ठरलेले उत्तर येते: ‘लोकांना वाचता यावे म्हणून करतो.’ मग वाचन द्या की! खाली लिप्यंतर द्या, गेलेल्या अक्षरांच्या जागी टिंबे द्या, अंदाज असेल तर तो कंसात द्या. छापील साधनग्रंथांतून आपण हेच शिकलो. संपूर्ण प्रतिमेचा उजेड किंवा गडदपणा वाढवण्यालाही माझी हरकत नाही, कारण त्यात कागदाचा एखादाच भाग निवडून बदललेला नसतो. प्रदर्शनातील फलकासाठी दुरुस्त प्रत हवीच असेल, तर ती वेगळ्या लेअरवर करा आणि ‘दुरुस्त प्रत’ ही अक्षरे प्रतिमेवरच टाका. सोबतची ओळ तिसऱ्या फॉरवर्डला गळून पडते. मूळ स्कॅन टिफमध्ये, काहीही न पुसता, वेगळा ठेवा. ट्रंकेतल्या कागदाला वाळवी लागली, की उद्या तोच स्कॅन मूळ ठरणार आहे.

आणि कागदाची पाठही स्कॅन करा. ती बहुतेक जण विसरतात, आणि पत्र कधी पोहोचले याची नोंद पुष्कळदा तिथेच असते.