दोन शून्यांतला फरक

बारावीची मुलं घडाघडा सांगतात, डायपोल (आपला द्विध्रुव) विद्युतक्षेत्राच्या दिशेत असला की टॉर्क शून्य, उलट दिशेतही शून्य. मग फरक काय? सगळे गप्प! पहिल्या स्थितीत ढळला तर परत येतो, दुसरीत जरा ढळला की पुरता फिरतो. नुसतं सूत्र पाठ करून हे उमगत नाही. होकायंत्राची सुई चुंबकीय द्विध्रुवच, न्याय तोच. तिचं उत्तर टोक दक्षिणेकडे धरून सोडायला लावा. आमच्या कामोठ्याजवळ नवीन पनवेलला भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. विजेच्या ट्रामचा अडथळा नको म्हणून कुलाब्याची चुंबकीय निरीक्षणं १९०४ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, अलिबागला हलवली. एवढं शेजारी असताना मुलांना फक्त क्लास दाखवायचा? मला तरी पटत नाही. तुम्हाला?