त्याच लाथेने किती वेळा पडायचं?

जपानी कंपनी नामकोने १९९७ साली ‘टेकन ३’ हा लढतीचा गेम आर्केडमध्ये आणला. त्यात एडी गॉर्डो नावाचा एक ब्राझिलियन लढवय्या होता. कपोएरा ही त्याची युद्धकला. हातांवर उभं राहून, गिरक्या घेत, जमिनीलगत लाथा फिरवणारा हा गडी पुढच्याच वर्षी प्लेस्टेशनवर आला आणि तासाच्या भाड्याने चालणाऱ्या आपल्याकडच्या गेम पार्लरांतही पोचला. लाथेची दोन बटणं वाटेल तशी बडवत राहिलं तरी एडी काहीतरी देखणं आणि घातक करायचाच. त्यामुळे कंट्रोलर पहिल्यांदा हातात घेतलेला पोरगा मुरलेल्या खेळाडूला लोळवायचा. हरलेला चिडायचा, ‘रडीचा डाव’ म्हणून ओरडायचा आणि पुढच्या मॅचला ‘एडी घ्यायचा नाही’ अशी अट घालायचा.

एप्रिल २०२४ मध्ये एडी ‘टेकन ८’मध्ये परतला. दरम्यान पार्लरं ओसरली, लढती इंटरनेटवर गेल्या. समोरचा सोलचा आहे की सोलापूरचा, याचा पत्ताही नसतो. तक्रार मात्र जुनीच आहे: समोरचा एकच डाव पुन्हा पुन्हा टाकतो. कोणी लांब उभं राहून आगीचे गोळे फेकत राहतो, कोणी पायांवरच मारत राहतो, कोणी जवळ येऊन पकडून आपटतो आणि उठलं की पुन्हा आपटतो. अट घालायला समोर माणूस नसल्यामुळे शिव्यांचा मेसेज जातो, नाहीतर मॅच अर्धवट सोडून कनेक्शन तोडलं जातं. ‘स्ट्रीट फायटर ५’ २०१६ मध्ये आला तेव्हा असं पळून जाणारे इतके झाले, की कॅपकॉम कंपनीला त्यांचे गुण कापावे लागले.

या तक्रारीत तथ्य फार थोडं आहे. ज्या डावाची तोड गेममध्येच ठेवलेली आहे, तो डाव समोरच्याने शंभर वेळा टाकला तरी त्यात अन्याय नाही. उलट ती तोड शोधणं हाच या गेमप्रकाराचा गाभा आहे आणि जो चिडून उठतो, तो नेमका तिथूनच उठतो जिथे खेळ सुरू होणार असतो.

सर्वांत जुनं उदाहरण ‘स्ट्रीट फायटर २’चं, म्हणजे १९९१ चं. त्यातला रयू दोन्ही तळहात पुढे करून ‘हाडोकेन’ नावाचा गोळा फेकतो. नवखा खेळाडू दोन-तीन गोळे ब्लॉक करतो, वैतागतो आणि गोळ्यावरून पुढे उडी मारतो. रयूला हेच हवं असतं. हवेतून येणाऱ्याला तो ‘शोर्युकेन’ या उसळत्या ठोशाने खाली पाडतो आणि पुन्हा गोळा फेकायला लागतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की तो नुसते गोळे फेकतोय. प्रत्यक्षात तो समोरच्याच्या वैतागाची वाट पाहत असतो. तोड साधी आहे, पण तिला धीर लागतो. जागेवरच उभी उडी मारून गोळा खालून जाऊ द्यायचा, दोन पावलं पुढे सरकायचं, पुढचा गोळा ब्लॉक करायचा, पुन्हा सरकायचं. अंतर कमी झालं की गोळा फेकणं रयूलाच धोक्याचं ठरतं, कारण हात पुढे असताना त्याला दुसरं काही करता येत नाही. पुढे उडी मारायचीच असेल तर गोळा दिसल्यावर नव्हे, तो येणार असा अंदाज बांधून आधी मारायची.

पकडून आपटण्याचंही तसंच आहे. पकड ब्लॉकला भेदते. नुसतं ब्लॉक करून बसणाऱ्याला हलवण्यासाठीच ती गेममध्ये आहे. पण हवेत असलेल्याला जमिनीवरची साधी पकड लागत नाही आणि त्याच क्षणी पकडीची बटणं दाबली तर ती सुटते. ‘टेकन’मध्ये वरचा, मधला आणि खालचा असे वारांचे तीन स्तर असतात. वरच्या वाराखालून वाकून निसटता येतं, मधला वार वाकलेल्याला लागतो आणि खालचा वार उभ्याने अडवता येत नाही. एडीच्या जमिनीलगतच्या लाथा सहन न होणारे बहुतेक खेळाडू उभ्यानेच ब्लॉक करत असतात. वेळेवर बसून ती लाथ अडवली तर एडीला सावरायला वेळ लागतो आणि तेवढ्यात त्याला मारता येतं.

हा ‘तेवढ्यात’ मोजता येतो. या गेममध्ये एका सेकंदाचे ६० तुकडे असतात, त्यांना फ्रेम म्हणतात. एक फ्रेम म्हणजे साधारण १७ मिलिसेकंद. ‘टेकन’मध्ये बहुतेक लढवय्यांचा सर्वांत वेगवान ठोसा १० फ्रेममध्ये लागतो. त्यामुळे एखादा वार ब्लॉक झाल्यावर तो मारणारा समोरच्यापेक्षा १० किंवा जास्त फ्रेम उशिरा सावरत असेल, तर त्याला ठोसा हमखास बसतो. खेळाडूंच्या भाषेत हे ‘पनिश’ करणं. कोणता वार किती फ्रेम मागे ठेवतो याचे आकडे आज गेममध्येच पाहता येतात. १९९८ साली पार्लरमध्ये अट घालणाऱ्या मुलाकडे ही सोय नव्हती. आजच्या खेळाडूकडे ती आहे आणि तरीही तो शिव्याच देत असेल, तर दोष डावाचा नाही.

‘आमचे हात तेवढे चपळ नाहीत’ ही पुढची सबब. डोळ्यांनी पाहून बोट हलवायला माणसाला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात, म्हणजे १२ ते १५ फ्रेम. जून २०२३ मध्ये आलेल्या ‘स्ट्रीट फायटर ६’मध्ये नवख्यांना सर्वाधिक छळणारा ‘ड्राइव्ह इम्पॅक्ट’ हा धडक मारणारा डाव २६ फ्रेमने लागतो. दोन वार अंगावर झेलून तो पुढे येतो, म्हणून बटणं बडवणारा त्याच्यापुढे हमखास पडतो. कोपऱ्यात पाठ भिंतीला असेल तर ब्लॉक करूनही सुटका नाही, भिंतीवर आपटायलाच होतं. पण २६ फ्रेम म्हणजे जवळपास ४३० मिलिसेकंद. तेवढ्यात उलट आपलाच ‘ड्राइव्ह इम्पॅक्ट’ टाकता येतो, आणि नंतर टाकलेला जिंकतो. समोरच्याला पकडूनही हा डाव मोडता येतो. वेळ पुरेसा आहे. डोळे त्या एका गोष्टीची वाट पाहत नसतात, एवढाच प्रश्न आहे.

चपळतेच्या सबबीला हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेनेही उत्तर दिलं. २०२३ मध्ये तिथे ई-स्पोर्ट्सना पदकं होती, ‘स्ट्रीट फायटर ५’मध्ये भारताचे दोन खेळाडूही उतरले होते. सुवर्णपदक घेतलं दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू यांनी. त्यांचं वय होतं ४४. विशीतल्या बोटांशी नुसत्या वेगाची शर्यत लावून हे पदक मिळालेलं नाही. समोरचा पुढे काय करणार हे ओळखण्याच्या सवयीचा त्यात मोठा वाटा आहे.

पुनरावृत्तीची तोड कुठवर नेता येते, याचा सर्वांत गाजलेला पुरावा २००४ चा आहे. कॅलिफोर्नियातल्या ‘इव्हो’ स्पर्धेत ‘स्ट्रीट फायटर ३ : थर्ड स्ट्राइक’ची लढत जपानचे दाइगो उमेहारा आणि अमेरिकेचे जस्टिन वाँग यांच्यात रंगली होती. दाइगोंच्या केन या लढवय्याचा जीव इतकाच उरला होता, की ब्लॉक केलेला एखादा विशेष वारही त्याला संपवायला पुरेसा होता. वाँगच्या चुन-लीने लाथांचा महावार सुरू केला. त्या गेममध्ये ‘पॅरी’ची सोय आहे: वार लागण्याच्या क्षणी स्टिक समोरच्याच्या दिशेने ढकलली तर काहीच इजा होत नाही. दाइगोंनी १५ लाथा एकापाठोपाठ पॅरी केल्या, शेवटची तर उडी मारून हवेत, आणि उलट मारा करून मॅच जिंकली. त्या वर्षीचं विजेतेपद त्यांना मिळालं नाही, अंतिम लढतीत ते केंजी ओबाता यांच्याकडून हरले. तरी लोकांच्या लक्षात राहिल्या त्या १५ लाथा. त्या महावाराचा ताल दर वेळी सारखाच असतो, म्हणूनच तो पाठ करता आला. एकच डाव पुन्हा पुन्हा टाकणारा प्रत्येक खेळाडू समोरच्याला हीच संधी देत असतो.

तालमीत वस्ताद हेच करतो. शिष्य एका डावावर सारखा चीत होत असेल, तर जोडीदाराला तोच डाव त्याच्यावर पुन्हा पुन्हा टाकायला लावतो, अंगाला त्याची तोड सापडेपर्यंत. ऑनलाइन खेळणाऱ्याला असा जोडीदार गेमच पुरवतो. ट्रेनिंग मोडमध्ये जाऊन छळणारा लढवय्या समोर उभा करायचा, त्याचा तो डाव रेकॉर्ड करायचा आणि मग त्यालाच तो सतत करायला लावायचा. वाकून पाहायचं, बसून ब्लॉक करून पाहायचं, बाजूला सरकून पाहायचं, मधेच साधा ठोसा घालून पाहायचं. यातलं एक काहीतरी चालतं. मग त्याच डावाचा दुसरा प्रकार रेकॉर्ड करून दोन्ही उलटसुलट यायला लावायचे, म्हणजे नुसतं पाठांतर उरत नाही. ‘टेकन ८’मध्ये तर हरलेल्या मॅचचा रिप्ले मधेच थांबवून स्वतः ताबा घेता येतो, आणि इथे कोणत्या वाराने पनिश करता आलं असतं हे गेमच सुचवतो.

ही शिस्त समाजातूनही घडते. २०१९ मध्ये लाहोरचा अर्सलान अ‍ॅश हा तोवर जगाला फारसा माहीत नसलेला तरुण फेब्रुवारीत जपानची आणि ऑगस्टमध्ये लास व्हेगासची, अशा ‘टेकन ७’च्या दोन्ही ‘इव्हो’ स्पर्धा जिंकला. लास व्हेगासच्या अंतिम लढतीत त्याने कोरियाच्या ‘नी’ या दिग्गजाला हरवलं. जपानमध्ये जिंकल्यावर त्याने सांगितलं, की पाकिस्तानात आपल्या तोडीचे आणखी खेळाडू आहेत. पुढच्या काही वर्षांत जगाने ते पाहिलं. ही पिढी लाहोरच्या आर्केडमध्ये एकमेकांशी खेळून तयार झाली. ज्याच्याशी उद्याही खेळायचं आहे, त्याच्या डावाला तोड काढावीच लागते. ऑनलाइनमध्ये समोरचा दोन-तीन मॅचनंतर कायमचा निघून जातो, म्हणून ही निकड आपोआप येत नाही. ती खेळाडूला स्वतः आणावी लागते.

दुसरी बाजूही खरी आहे. काही डावांना तोड नसते, किंवा ती इतकी महाग असते की खेळच बिघडतो. ‘सुपर स्ट्रीट फायटर २ टर्बो’मधला अकुमा हवेतून असे गोळे टाकतो, की बाकीचे लढवय्ये त्यासाठी बनलेलेच नव्हते, म्हणून अमेरिकेतल्या स्पर्धांनी त्याच्यावर बंदी घातली. डिसेंबर २०१९ मध्ये ‘टेकन ७’मध्ये आलेला लिरॉय स्मिथ इतका प्रबळ होता, की जानेवारी २०२० च्या इव्हो जपानमध्ये शेवटच्या आठातले सहा जण त्यालाच घेऊन खेळले. नंतर कंपनीने त्याची ताकद कमी केली, आणि ते योग्यच झालं. अमेरिकी खेळाडू आणि गेम-रचनाकार डेव्हिड सर्लिन यांनी ‘प्लेइंग टू विन’ या पुस्तकात हाच फरक मांडला आहे: मनाने बनवलेल्या नियमांत स्वतःला बांधून घेणारा खेळाडू पुढे जात नाही, पण अकुमासारखे अपवाद खरोखर असतात. अपवाद सिद्ध करण्याचं काम मात्र तोड शोधून दमलेल्यांचं आहे. पहिल्याच हरलेल्या मॅचनंतर ‘हे बंद करा’ म्हणण्याचा हक्क कोणाला मिळत नाही.

इंटरनेटचा दोषही मान्य करायला हवा. टोनी कॅनन यांच्या ‘जीजीपीओ’पासून रूढ झालेल्या रोलबॅक पद्धतीत गेम समोरच्याच्या पुढच्या बटणाचा अंदाज बांधून चित्र दाखवतो आणि अंदाज चुकला तर मागे जाऊन दुरुस्ती करतो. कनेक्शन वाईट असेल, तर त्या दुरुस्तीत वाराचे पहिले काही फ्रेम दिसतच नाहीत आणि संथ डावही अचानक अंगावर आल्यासारखा वाटतो. म्हणून वायफायऐवजी वायर जोडणं हा समोरच्याविषयीच्या सौजन्याचा भाग आहे. समोरचा वायरवर आहे की वायफायवर, हे ‘स्ट्रीट फायटर ६’ आणि ‘टेकन ८’ मॅचआधी दाखवतात. ते पाहून मॅच नाकारण्यात काही गैर नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी त्याच लाथेने पाडलं, तर मेसेज टाइप करू नका आणि कनेक्शनही तोडू नका. मॅच पूर्ण खेळा, रिप्ले उघडा, त्या लाथेचं नाव आणि तिचे फ्रेम शोधा, अर्धा तास ट्रेनिंग मोडमध्ये तिच्यासमोर उभे राहा. आणि घरात एखादं मूल अशा गेमवर चिडून रडत असेल, तर कन्सोल बंद करण्याआधी त्याच्याशेजारी बसून एवढंच विचारा, ‘तो नक्की काय करतोय? दाखव बघू.’ मुलाने ते नीट दाखवलं, की त्याची तोड शोधायला त्याच्याबरोबर बसा.