परिचारिका सेवा का सोडतात?

मुरुडहून अलिबागचे जिल्हा रुग्णालय सुमारे पन्नास किलोमीटर दूर आहे. काशीदची चढउताराची वाट, साळावचा खाडीपूल, रेवदंडा असा तो रस्ता. शनिवार-रविवारी त्यावर मुंबई-पुण्याच्या पर्यटकांच्या मोटारींची रांग लागते, पावसाळ्यात दरड आणि पाणी यांची धास्ती असते. तालुक्याला रेल्वे नाही. जवळचे स्थानक रोह्याला. मुंबईच्या रुग्णालयात जाण्याची ऐपत असणारे मोटार करून जातात. कोळीवाड्यातील खलाशी, शेतमजूर आणि डोंगरवाडीवरील कातकरी-ठाकूर यांच्यासाठी मात्र तालुक्याचे सरकारी रुग्णालय हाच पहिला, आणि पुष्कळदा शेवटचाही, आधार असतो.

अशा रुग्णालयाची रात्र परिचारिकेच्या जिवावर पार पडते, हे सत्य उच्चारण्याची आपल्याकडे पद्धत नाही. विंचवाचेच उदाहरण घ्यावे. कोकणातील लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी माणसे हकनाक मरत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन या औषधाचा उपयोग सिद्ध केला आणि त्या मृत्यूंचे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास होते ते एक टक्क्यापर्यंत खाली आले. या संशोधनाचा गौरव झाला तो योग्यच झाला. परंतु नुसती गोळी देऊन रोगी वाचत नाही. गोळी दिल्यानंतर रोग्याला निजवून ठेवावे लागते, नाडी आणि रक्तदाब पुनःपुन्हा मोजावा लागतो, हातपाय गार पडले आहेत काय हे पाहावे लागते. हे काम पहाटेपर्यंत कोण करते? शेजारच्या खोलीत एखादे बाळंतपण अडलेले असतानाही ते करते ती परिचारिका.

तीच परिचारिका आज सेवा सोडून दुसरा व्यवसाय पत्करण्याच्या विचारात आहे. कोणी लिपिक किंवा तलाठ्याच्या परीक्षेची पुस्तके आणते, कोणी विमा कंपनीत दावे तपासण्याची नोकरी शोधते, कोणी परदेशाचे अर्ज भरते, तर कोणी सरळ घरी बसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार २०२३ मध्ये जगात ५८ लाख परिचारिकांचा तुटवडा होता. ज्या मनुष्यबळाची जगाला एवढी निकड आहे, त्याला आपल्या राज्यात नकोसे वाटावे, याची कारणे व्यक्तीच्या स्वभावात शोधून सापडणार नाहीत.

पहिले कारण कंत्राटाचे. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि खेड्यापाड्यांतील आरोग्यसेवेचा मोठा भार कंत्राटी परिचारिकांवर आला. काम कायमचे, नेमणूक मात्र तात्पुरती, असा हा न्याय. २०२२ च्या मे महिन्यात राज्यातील परिचारिकांनी संप केला तो बाह्यस्रोतातून भरती करण्याच्या धोरणाविरुद्ध. अभियानातील कंत्राटी कर्मचारी २०२३ मध्ये संपावर गेले. दहा वर्षे सेवा झालेल्यांना सामावून घेण्याचा शासन निर्णय मार्च २०२४ मध्ये निघाला. आणि त्याची अंमलबजावणी व्हावी म्हणून २०२५ मध्ये त्याच कर्मचाऱ्यांना पुन्हा संपावर जावे लागले. निर्णयासाठी एक लढा आणि निर्णय पाळला जावा म्हणून दुसरा! खासगी क्षेत्रातील अवस्था याहून हलाखीची आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ मधील आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने पन्नासांहून कमी खाटांच्या रुग्णालयातही परिचारिकेला किमान वीस हजार रुपये मासिक वेतन असावे, अशी शिफारस केली. अंमलबजावणी राज्यांवर सोपवली गेली, आणि याहून कमी पैशांत बारा-बारा तास राबणाऱ्या मुली आजही लहानमोठ्या शहरांत आढळतात.

दुसरे कारण जबाबदारीच्या वाटणीचे. सर्वसाधारण रुग्णालयात पाच खाटांमागे एक परिचारिका असावी, असे भारतीय परिचर्या परिषदेचे मानक आहे. सरकारी रुग्णालयांत एकटीने तीस-चाळीस रोगी सांभाळणे हा मात्र नित्याचा अनुभव. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आग लागून दहा नवजात बालके दगावली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयातील आगीत अकरा रोगी गेले. दोन्ही ठिकाणी परिचारिकांवर गुन्हे दाखल झाले. कोणाचा खरोखर दोष असेल तर तो न्यायालय ठरवील. परंतु विजेची जोडणी, अग्निशमनाची तपासणी आणि त्यासाठीचा निधी हे विषय ज्यांच्या टेबलावर असतात त्यांच्यापर्यंत न पोहोचता कारवाईचा ओघ वॉर्डातील परिचारिकेकडे वळतो, तेव्हा प्रत्येक वॉर्डातील परिचारिका त्यातून आपल्यापुरता अर्थ काढते. तो अर्थ असा की, अधिकार वर राहतात आणि अपराध तेवढा खाली येतो.

तिसरे कारण सुरक्षिततेचे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात अरुणा शानबाग या परिचारिकेवर तेथीलच सफाई कामगाराने अमानुष हल्ला केला. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत, जवळजवळ बेचाळीस वर्षे, त्याच रुग्णालयातील परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. या निष्ठेला देशाने वंदन केले. पण वंदनाने रात्रपाळीच्या ओसाड व्हरांड्यात दिवा लागत नाही. आरोग्यसेवकांवरील हिंसाचाराविरुद्ध राज्याने २०१० मध्ये कायदा केला. तरीही रोगी दगावला की नातेवाइकांचा संताप प्रथम समोर उभ्या असलेल्या परिचारिकेवरच कोसळतो.

या तक्रारींना ठरलेले उत्तर आहे: परिचर्या ही सेवा आहे, सेवेत हिशेब कसला? हे उत्तर देणारे सावित्रीबाईंचे नाव घेतात. सावित्रीबाई फुले १८९७ मध्ये प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना मृत्यू पावल्या, हे खरेच आहे. पण ज्यांनी आयुष्यभर स्त्रीच्या आणि शूद्रातिशूद्रांच्या हक्कांसाठी दगडधोंडे सोसले, त्यांचे नाव हक्क नाकारण्यासाठी वापरावे, यापरता विपर्यास कोणता? पुण्याच्या सेवासदनाने विसाव्या शतकाच्या आरंभी विधवा-परित्यक्तांना परिचर्येचे शिक्षण दिले, ते त्यांनी स्वतःच्या पायांवर उभे राहावे म्हणून. त्याग हा मनुष्य स्वतः करतो. दुसऱ्याकडून करवून घेतला की त्याचे नाव शोषण होते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्यात रुग्णसेवेचे मनुष्यबळही आहे. कोकणातल्या मुलीने जर्मनीत मानाने काम करावे, याचे वैषम्य वाटण्याचे कारण नाही. याच किनाऱ्यावरील कितीतरी घरे आखाती देशांतील कमाईवर उभी राहिली आहेत. पण परक्या देशाची गरज भागवण्यासाठी तत्परतेने करार करणारे सरकार आपल्या तालुक्यातील पदे भरताना मात्र हात आखडते घेते, हे समजण्यापलीकडचे आहे.

सेवा सोडणाऱ्या परिचारिकेला दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही. कामगाराला काम सोडण्याचे स्वातंत्र्य नसेल तर ती वेठबिगारी होय. मात्र तिच्या जाण्याची किंमत शासन मोजत नाही. ती मोजतो डोंगरवाडीवरून झोळीत घालून आणलेला रोगी. परिचारिकेचा आणि या रोग्याचा हितसंबंध एकच आहे, आणि दोघांना परस्परांविरुद्ध उभे करण्यात शासनाची सोय आहे.

येथे पक्षालाही आत्मपरीक्षण चुकणार नाही. डॉक्टर नाही म्हणून कार्यकर्ते रुग्णालयावर मोर्चे नेतात, निवेदने देतात. मंजूर परिचारिकांपैकी किती पदे रिकामी आहेत, हा प्रश्न किती निवेदनांत असतो? संतापलेल्या जमावापुढे परिचारिकेच्या बाजूने किती कार्यकर्ते उभे राहतात? प्रत्येक तालुका शाखेने मंजूर, भरलेल्या आणि कंत्राटी पदांची माहिती अधिकारात मिळवून ती गावसभेत वाचून दाखवावी. रात्रपाळीला एकटी परिचारिका नको, कायम कामाला कायम नेमणूक हवी आणि परिचारिकांना राहण्याजोगी निवासस्थाने हवीत, या मागण्या रोग्यांच्या मागण्या म्हणून पुढे याव्यात. परिचारिकांचा पुढचा संप होईल तेव्हा त्यांच्या मंडपात कोळी, शेतमजूर आणि आदिवासी बसलेले दिसले पाहिजेत.

याच जिल्ह्यात, चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे जमिनी न कसता खोतशाहीशी झुंज दिली. गावे एक राहिली म्हणून ती झुंज टिकली. परिचारिकेला एकटी लढायला ठेवले, तर ती एके दिवशी मुकाट्याने निघून जाईल; आणि त्या रात्री विंचू चावलेल्या मुलाची नाडी पाहायला कोणी असणार नाही.